छोट्या ट्रॅक्टरसाठी घरीच तव्यांचा हॅरो बनवायचा आहे, सल्ला हवा

दोन_एकर:

नमस्कार मंडळी. आमचं वावर काटोल रस्त्याला, नागपूरपासून पस्तीस किलोमीटरवर. दीड एकर संत्रा आणि अर्धा एकर मोकळं, तिथे वांगी, सांभार (कोथिंबीर), हरभरा असं काहीबाही घेतो. मी नागपुरात नोकरी करतो, वावरात जाणं शनिवार-रविवारी. बाबांनी दोन वर्षांपूर्वी बैलजोडी विकली आणि वखर गोठ्याच्या भिंतीला टेकवला, तेव्हापासून पाळीचं (वरची माती मोकळी करायचं) सगळं काम भाड्याच्या रोटाव्हेटरवर चाललंय. रोटाव्हेटरने माती पिठासारखी होते. पहिला मोठा पाऊस पडला की वर पापुद्रा धरतो आणि पाणी मुरायच्या ऐवजी धुऱ्याकडे (बांधाकडे) वाहून जातं.

मागच्या वर्षी जुना मिनी ट्रॅक्टर घेतला, १८ एचपीचा. माहितीपुस्तकात लिफ्टची (मागचं अवजार उचलणाऱ्या दांड्यांची) ताकद ५०० किलो दिलेली आहे. घरी वेल्डिंग मशीन आहे, ग्राइंडर आहे, हातही बऱ्यापैकी बसलाय (गोठ्याचं शेड मीच उभं केलं). डोक्यात आहे तो १० तव्यांचा ऑफसेट (ट्रॅक्टरच्या एका बाजूला सरकून चालणारा) हॅरो, १६ इंची तवे, पाच पुढे पाच मागे. प्रश्न असे:

तवे ४ मिमी पत्र्यातून कापून, ठोकून वाकवून घेतले तर चालतील का? बेअरिंग कोणतं? गँगचा (एका दांड्यावर ओवलेल्या तव्यांच्या रांगेचा) कोन किती? आणि वजन किती हवं, म्हणजे तवे काळ्या मातीत उतरतील?

कुणी स्वतः बनवला असेल तर अनुभव नक्की लिहा. पावसाच्या आत पूर्ण करायचाय.

वखरवाला:

भाऊ, वखर विकू नका बरं. हॅरो हॅरोच्या जागी, वखर वखराच्या जागी. बाकीचं जाणकार सांगतील, म्या वाचून राहिलो.

लेथमास्तर:

तव्यांचं आधी सांगतो, कारण इथेच बहुतेक जण पैसा आणि महिना दोन्ही घालवतात. साध्या पत्र्याचे तवे करू नका. बाजारातले तवे बोरॉन स्टीलचे किंवा हाय कार्बनचे असतात, त्यांना पाणी दिलेलं (तापवून कडक केलेलं) असतं. साधं लोखंड आपल्या गोट्याच्या जमिनीत पहिल्याच मोसमात धार सोडतं, आणि मोठा दगड लागला की तवा वाकतो. वाकलेला तवा बाजूच्या तव्यांनाही नीट फिरू देत नाही.

तयार तवे घ्या. पुढच्या गँगला कंगोरे कापलेले, मागच्या गँगला साधे गोल. कंगोऱ्याचा तवा पऱ्हाटीची (कापसाची) धसकटं आणि गवत पकडून खाली दाबतो आणि कापतो. गोल तवा त्याच्यावरून घसरून जातो. मागच्याने फक्त सपाटी करायची असते.

दुसरं, तव्याला गॅस कटर किंवा वेल्डिंग लावू नका. लाल झालं की पाणी उतरलं, आणि तेवढ्याच जागी तवा मऊ पडतो. चौकोनी भोक मोठं करायचं असेल तर कानस घ्या, वेळ लागला तरी चालेल.

आणि आधी तवे हातात घ्या, भोक मोजा, मगच चौरस दांडा आणा. लोक उलटं करतात, मग अर्धा मिलिमीटर ढिला दांडा पत्र्याच्या पट्ट्या ठोकून बसवतात. तो ढिलेपणा पुढे काय करतो ते सविस्तर लिहीन, आत्ता कामावर निघालोय.

परसबाग:

माझ्याकडे पॉवर टिलर आहे. त्याला असा हॅरो जोडता येईल का?

गणितवेडा:

@परसबाग, जोडता येईल, पण लिफ्ट नसल्यामुळे वळताना उचलायचा कसा हा खरा प्रश्न आहे. वेगळा धागा काढा, इथे गुंता होईल.

@दोन_एकर, वजनाबद्दल. वखराची पास (आडवं पातं) आपोआप मातीत ओढली जाते, कारण तिचा कलच तसा असतो. तव्याचं तसं नाही. तवा फिरतो, त्याला वर यायची ओढ असते. त्याला खाली ठेवतात तीन गोष्टी: वजन, कोन आणि धार. एचपी फक्त ओढायला. म्हणून पन्नास एचपीच्या ट्रॅक्टरमागेही हलका हॅरो ढेकळांवर नाचत जातो.

१६ इंची तव्याला हलक्या कामासाठी दर तव्यामागे २० किलो तरी धरा. १० तवे म्हणजे २०० किलो. आता तुमचं लोखंड मोजू. ३.५ मिमी जाडीचा १६ इंची तवा साडेतीन किलोच्या आसपास, दहाचे ३५. चौरस दांडा २५ मिमीचा मीटरला ४.९ किलो. १०० मिमी चॅनेल मीटरला साडेनऊ किलो, फ्रेमला सहा मीटर लागेल म्हणजे ५७. स्पूल (दोन तव्यांमधले अंतर राखणारे तुकडे), बेअरिंग, हिच (ट्रॅक्टरला जोडायचा भाग) धरून एकूण दीडशेच्या आतच राहील. उरलेलं वजन वरून द्यावं लागेल.

वखरवाला:

त्यात काय, वर एक माणूस बसवा. आमच्या गावात सगळेच बसवतात.

मृगबहार:

वखरवाला काका, हे मी अगदी कळकळीने लिहितेय, रागावू नका. हॅरोवर माणूस बसवू नका. कुणालाच नाही, पोट्ट्यांना तर कधीच नाही.

मी नववीत होते तेव्हा माझा चुलत भाऊ असाच बसला होता, ट्रॅक्टरवर मोठे काका. एका सरीत चाक आपटलं आणि तो पुढे पडला, दोन गँगच्या मधे. काकांनी मागे पाहिलं म्हणून ट्रॅक्टर तिथेच थांबला. पायाची दोन बोटं गेली, टाच शिवली. आज तो चाळीस वर्षांचा आहे आणि अजून पायऱ्या उतरताना कठडा धरतो. त्या दिवशी हॅरोखालची माती ओली होऊन कशी चिकटली होती ते मी अजून विसरलेली नाही.

वजन हवं तर रेतीची पोती बांधा, दगड ठेवा. फ्रेम बनवताना वर बसायला जागाच राहणार नाही असं करा.

वखरवाला:

ताई, चुकलं माझं. म्या खरंच सहज लिहून गेलो. आमच्याइकडंही एकदा असं होता होता राहिलं, मी विसरलो होतो. मागं घेतो माझं बोलणं.

कळमेश्वरकर:

+१ मृगबहार. रेतीच्या पोत्यापेक्षा काँक्रीटचा ठोकळा बरा. पोतं फाटतं, रेती बेअरिंगवर सांडते. एक घनफूट काँक्रीट अडुसष्ट किलो भरतं. लाकडी साचा करा, आत दोन सळ्यांचे कडे सोडा, चॅनेलच्या मधे बसेल असा ओता आणि बोल्टने आवळा. मी डवऱ्यासाठी असे छोटे ठोकळे केलेत, चार वर्षं झाली, एकही फुटला नाही.

लेथमास्तर:

जेवण झालं, आता बेअरिंग आणि ढिलेपणा.

घरगुती हॅरो मोडतो तो नव्वद टक्के गँग ढिली झाल्यामुळे. हे माझ्या टेबलावर आलेल्या कामावरून सांगतोय. गँग म्हणजे एक माळ: तवा, स्पूल, तवा, स्पूल, आणि शेवटच्या नटने सगळं दाबून एकजीव केलेलं. तो दाब आहे तोवर दांड्याला फक्त फिरायचं काम. नट अर्धा आटा सैल झाला की प्रत्येक तवा दांड्यावर खुट्-खुट् हलायला लागतो. चार तासांत चौकोनी भोक गोल होतं, दांड्याच्या कडा खाल्ल्या जातात, मग दांडा वाकतो. माझ्याकडे लोक वाकलेला दांडा घेऊन येतात आणि म्हणतात लोखंड खराब निघालं. लोखंड चांगलं असतं.

म्हणून नट मोठा घ्या, त्याला लॉक पट्टी द्या, आणि चार फुटी पाइप घालून आवळा. पहिल्या एक-दोन तासांनी परत आवळा, दिवस संपताना परत. रंग सगळीकडे बसलेला असतो, तो दबला की माळ सैल होते. तवा आणि स्पूल जिथे टेकतात तिथला रंग आधीच खरवडून काढा.

स्पूल पाइपचे करू नका. तवा वाडग्यासारखा असतो, सपाट वॉशर त्याच्यावर फक्त कडेला टेकतो. बिडाचे तयार स्पूल तव्याच्या बाकानुसार एका बाजूने फुगीर, दुसऱ्या बाजूने खोलगट असतात. ते तव्यांबरोबरच मागा. इतवारीतल्या लोहाओळीत फेरी मारा, नाहीतर अवजारांच्या सुट्या भागांच्या दुकानात सांगून ठेवा.

बेअरिंगला बाजूने सतत दाब येतो, हे लक्षात ठेवा. माती तव्याच्या खोलगट बाजूवर ढकलते, त्यामुळे अख्खी गँग फुगीर बाजूकडे सरकू पाहते. पंख्याला लावतात तसलं हलकं ठोकळा बेअरिंग दोन बारीक स्क्रूंवर तो दाब धरू शकत नाही. हॅरोचं तयार हाउसिंग घ्या, सील आणि ग्रीस निपलवालं.

वखरवाला:

बाभळीचे बेअरिंग पाहिले काय कोणी? माझे आजोबा सांगत, जुन्या बैल-हॅरोले लाकडी गुटके असायचे, तेलात उकळलेले. गाडीच्या तुंब्याले बाभूळच लागते, तशीच.

लेथमास्तर:

काका, अगदी बरोबर. तेल प्यायलेल्या कडक लाकडाची बेअरिंग हॅरोला खरंच वापरत असत, आणि धुळीत ती वाईट चालत नाहीत. दोन अर्ध्यांत कापलेला गुटका, झिजला की बदलायचा. सुतार ओळखीचा असेल तर तेही करून पाहण्यासारखं आहे.

गणितवेडा:

मी काल रात्री एक हिशेब केला आणि तो तुमच्या बेताच्या विरुद्ध जातोय, पण सांगायलाच हवा.

लिफ्ट ५०० किलो उचलेल, मान्य. पण ट्रॅक्टरचं पुढचं टोक? हॅरो उचलला की मागची चाकं टेकू होतात आणि पुढचा भाग हलका होतो. तुमचा ट्रॅक्टर ८०० किलोचा धरू, त्यातले पुढच्या चाकांवर ३००. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर १.४२ मीटर. दहा तव्यांच्या ऑफसेटचा गुरुत्वमध्य लिंकच्या (लिफ्टच्या दांड्यांच्या) टोकापासून पाऊण मीटर मागे येईल, मागच्या आसापासून दीड मीटर. २०० गुणिले १.५ भागिले १.४२, म्हणजे पुढून २११ किलो कमी. उरले ८९. स्टिअरिंग हाताशी राहायला एकूण वजनाच्या पाचवा हिस्सा तरी पुढे लागतो, म्हणजे १६०. धुऱ्यावर चढताना हा ट्रॅक्टर पुढून उचलला जाईल.

दोन_एकर:

बापरे. हे मी अजिबात धरलं नव्हतं. मागच्या महिन्यात भरलेला पाण्याचा ड्रम मागे लटकवला होता तेव्हा वळताना ट्रॅक्टर सरळच जायला बघत होता, आणि मी टायरला दोष दिला होता.

मग तवे कमी करू का?

गणितवेडा:

आठ करा, चार-चार. वजन १६०. आणि हिच पुढच्या गँगच्या बरोबर वर आणा, फ्रेम पुढे लांबवू नका. गुरुत्वमध्य लिंकपासून अर्ध्या मीटरवर आला तर १६० गुणिले १.२५ भागिले १.४२, पुढून १४१ कमी. उरले १५९. काठावर बसतं. वर पुढच्या बंपरवर पंचवीस-तीस किलो बांधा, निश्चिंत व्हाल.

कोनासाठी तीन भोकं ठेवा. गँगचं एक टोक बिजागरीसारखं, दुसरं मागे सरकणारं. साठ सेंटीमीटर लांबीला १५ अंशासाठी साडेपंधरा सेंटीमीटर, १८ ला साडेअठरा, २० ला साडेवीस मागे. मागच्या गँगला पुढच्यापेक्षा थोडा जास्त कोन लागतो, कारण ती आधीच भुसभुशीत झालेल्या मातीत चालते आणि तिचा बाजूचा दाब कमी पडतो. दोन्ही गँगचा दाब सारखा केला नाही तर ट्रॅक्टर एका बाजूला ओढला जातो.

कळमेश्वरकर:

आठ तव्यांत जेमतेम अडीच फूट पट्टा निघेल. ट्रॅक्टरच्या एका चाकाची खूण तशीच राहणार. एवढ्यासाठी एवढा खटाटोप?

मृगबहार:

संत्र्यात अडीच फूटच हवा, उलट मी तर म्हणेन देवानेच आकडा जुळवून दिलाय.

आमचीही बाग काटोलकडेच, अठरा वर्षांची. झाडं सहा बाय सहा मीटरवर. मोठ्या झाडाच्या फांद्यांचा घेर दोन्हीकडून धरला तर ओळीच्या मधे दीड-दोन मीटर मोकळं उरतं, आणि तवे फक्त तेवढ्यातच फिरायला हवेत. संत्र्याची अन्न घेणारी मुळं अगदी वर असतात, बहुतेक वरच्या फूटभरातच. घेराच्या आत तवा गेला की ती कापली जातात. कापलेल्या मुळातून फायटोप्थोरा (बुरशीसारखा रोग) शिरतो, मग मूळकूज, मग खोडावर डिंक. आमच्या शेजारच्या बागेत एकाच हंगामात अकरा झाडं अशी पिवळी पडत गेलेली मी पाहिली. मालकाने भाड्याचा मोठा हॅरो बुंध्यापर्यंत फिरवला होता, गवत स्वच्छ व्हावं म्हणून. बाग खरंच स्वच्छ दिसत होती.

तीन-चार इंचांच्या खाली जाऊ नका. ऑफसेटचा फायदा इथे आहे, फांद्यांजवळचा पट्टा घेताना हॅरो बाजूला आणि ट्रॅक्टर मोकळ्यात चालतो. पण तो मोह घेराच्या कडेलाच थांबवा. आळ्यातलं गवत विळ्याने. आंबिया बहाराचा ताण देताना (फुलं यावीत म्हणून पाणी तोडताना) हलकी पाळी ठीक, फुलं-फळं धरल्यावर मात्र मुळांना हात लावू नका. शंका असेल तर अमरावती रोडवरच्या लिंबूवर्गीय संशोधन संस्थेत जाऊन विचारा, मी गेले आहे, नीट बोलतात.

रात्रपाळी:

हरळी असेल तर? माझ्या वावरात हॅरो फिरवला आणि हरळी दुप्पट झाली.

वखरवाला:

हरळीत, कुंद्यात तवा घालूच नका. तवा तिचे तुकडे करते, आन् एकेक तुकडा नवा कोंब फोडते. तिथं उन्हाळ्यात खोल नांगरून काशा (तिच्या मुळ्या) वेचाव्या, उन्हात वाळू द्याव्या. मंग वखर. म्हणून म्हटलं ना भाऊ, वखर विकू नका.

दोन_एकर:

मंडळी, उशीर झाला त्याबद्दल माफी. हॅरो झाला. मेच्या उन्हात दिवसा लोखंडाला हात लावता येत नव्हता, म्हणून सगळं वेल्डिंग रात्री आठनंतर, अंगणात बल्ब लावून केलं. बाबा खुर्ची टाकून बसायचे, गुण्या धरून कोन तपासायचे.

आठ तवे, पुढे चार कंगोऱ्यांचे, मागे चार गोल. दांड्याला दोन्ही टोकांना आटे हिंगणा एमआयडीसीतून पाडून आणले. फ्रेम १०० च्या चॅनेलची, हिचच्या जोडांना ७०१८ (जास्त मजबूत) वेल्डिंग रॉड, बाकी साधा. मधे एक काँक्रीटचा ठोकळा, पाऊण घनफुटाचा, वर तिरकी जाळी ठोकलीय, कुणी बसूच शकत नाही. मृगबहारताई, ती जाळी तुमच्यामुळे. गावच्या वजनकाट्यावर ठोकळ्यासह १५६ किलो भरला. खर्च एकूण एकवीस हजार, त्यातला निम्मा तवे, स्पूल आणि बेअरिंगवर.

पहिली चाचणी मोकळ्या अर्ध्या एकरात, पाऊस व्हायच्या आधी. काहीच जमलं नाही. भेगाळलेल्या कोरड्या जमिनीवर तवे नुसते खडखडत गेले, इंचभरसुद्धा उतरले नाहीत. कोन २० वर नेला, ठोकळ्यावर आणखी पोतं ठेवलं, तेच. मी फार निराश झालो होतो. बाबा म्हणाले, "थांब, जमीन तयार नाही."

मृगाचा पाऊस झाला, चार दिवस उघडीप मिळाली. बाबांनी ढेकूळ उचलून मुठीत दाबलं आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडलं. फुटून तीन-चार तुकडे झाले, हाताला चिकटलं नाही. वापसा. तेव्हा १८ अंशावर, दुसऱ्या लो गिअरमध्ये चालवला. तवे सरसर उतरले, पट्टीने मोजलं तर साडेतीन इंच. मागे माती वाटाण्याएवढी, पीठ नाही. धसकटं अर्धी कापून दबलेली. बाबा हॅरोच्या मागे मागे अनवाणी चालत होते, पूर्ण पट्टाभर, जसे वखरामागे चालायचे.

एक तासाने थांबून लेथमास्तरांच्या सांगण्याप्रमाणे पाइप घातला. पुढच्या गँगचा नट जवळजवळ पाऊण आटा फिरला! बाहेरून काहीच दिसत नव्हतं. संध्याकाळी परत थोडा फिरला, दुसऱ्या दिवशी हलला नाही.

अजून एक अडचण आहे. ओढ्याकडच्या कोपऱ्यात माती जास्त ओली होती, तिथे तव्यांच्या पोटात चिकटून गोळे झाले आणि गँग फिरायचीच थांबली.

लेथमास्तर:

वा! मनापासून आनंद झाला. बाबांना नमस्कार सांगा.

चिकटण्यासाठी खरवड पट्टी लागते. प्रत्येक तव्याच्या खोलगट बाजूला एक, जुन्या कमान पाट्याचा तुकडा, तव्यापासून दोन-तीन मिलिमीटर अंतरावर. बोल्टचं भोक लांबट ठेवा, तवा झिजला की पट्टी पुढे सरकवता येते. टेकू देऊ नका, नाहीतर तवा आणि पट्टी दोघंही झिजतात. आणि त्या कोपऱ्यात चार दिवस उशिरा जा.

कळमेश्वरकर:

अडीच फुटांबद्दल मी जे लिहिलं ते मागे घेतो. चाकाच्या खुणेचं काय केलंत?

दोन_एकर:

येताना अर्धा पट्टा चढवून घेतला की ती खूण झाकली जाते. दीड एकराच्या मधल्या ओळी दोन रविवारच्या सकाळी झाल्या, घेराच्या बाहेरून, ताईंनी सांगितलं तसं. प्रत्येक ओळीत घेराच्या कडेला चुन्याची रेघ मारून घेतली होती, म्हणजे मोह होऊ नये.

वखरही काढलाय. पास लोहाराकडे धारेला दिलीय, ओढ्याच्या कोपऱ्यात हरळी आहे.

वखरवाला:

आता कसं. पास बसवली की फोटो टाका भाऊ.